दहा पावलं मागे

आकाराम सुभेदार आणि शालूबाई आमच्या इमारतीत राहायला आले, त्या दिवशी मी त्यांना खिडकीतून पाहिलं आणि पाहिल्या पाहिल्या वाटलं, हे दोघं वाटेत भांडलेत. पुढे बारीक कापलेल्या केसांचा, ताठ पाठीचा उंच गृहस्थ, हातात गॅसची शेगडी. त्यांच्या मागे दहा पावलांवर एक ठेंगणी बाई, डोक्यावर पदर, आणि बाळ घ्यावं तसा कडेवर मिक्सर. गृहस्थ फाटकातून आत आले, जिना चढू लागले. बाई फाटकाशीच थांबली. ते पहिल्या वळणावर दिसेनासे झाले, तेव्हा ती निघाली. दोघांत एक शब्द नाही.

तासाभराने ती विरजण मागायला माझ्या दारात आली. मी वाटी भरता भरता विचारलं, "प्रवासात फार दमलात का? साहेब रागात दिसले."

"रागात?" तिने पदर तोंडाला लावला. "न्हाई वं वैनी. आमच्यात आसंच चालत्यात. म्होरं ते, मागं मी. नवऱ्याच्या बरूबरीनं चालाय लागलं तर थोरली मानसं काय म्हनतील?"

"पण इथं कोण थोरलं आहे?"

तिने जिन्याकडे पाहिलं. वरच्या मजल्याकडे पाहिलं. खाली वाकून फाटकाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पसरत गेलं.

"व्हय की," ती म्हणाली. "हितं कुनीच न्हाई!" आणि हसत हसत जी पळाली, ती विरजणाची वाटी माझ्याच हातात ठेवून.

शालूबाईंचं माहेर आष्ट्याचं, सासर कुंडलचं. घरचा ऊस, चार म्हशी, एकत्र कुटुंब, आणि ती थोरली सून. सुभेदारांनी अठ्ठावीस वर्षं पलटणीत काढली. वर्षाला दोन महिने सुट्टी, आणि त्या सुट्टीत पाटाचं पाणी, भावकीतली लग्नं, गावची जत्रा, गळणारे पत्रे. यातून वेळ उरलाच तर बायको. क्वार्टर मिळत होतं, पण आधी सासऱ्यांचं दुखणं, मग मुलीची शाळा, आणि म्हशी तर कायमच्याच. शालूबाई एकदा माझ्याकडे मेथी निवडायला बसल्या असताना म्हणाल्या, "लग्नाला चोवीस वर्सं झाली, वैनी. त्यात आमी दोगं एका छपराखाली किती ऱ्हायलो, तर चार वर्सं. आन् ह्या चार वर्सांत, हे रात पाळीनं उसाला पानी पाजाय गेलेलं बी धरलंय मी."

निवृत्तीनंतर सुभेदारांना साताऱ्यात एका खासगी कॉलेजात सुरक्षा अधिकाऱ्याची नोकरी मिळाली. मुलगी शिवांजली कराडला इंजिनिअरिंगला, वसतिगृहात. म्हणजे आता अडचण कसलीच नव्हती. एक सोडून. ती अडचण शहात्तर वर्षांची होती आणि तिचं नाव धोंडुबाई.

सासूबाई वाईट नव्हत्या. शालूबाईंनी एकदाही त्यांच्याविषयी वाकडं बोलल्याचं मला आठवत नाही. पण साखर कारखाना पेटला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला, की घरात बाईमाणूस लागतं, धाकटी जाऊ रंगुबाई एकटी पडते, हेही खरंच होतं. त्यांनी अट घातली ती सगळ्यांसमोर, सोप्यात बसून: "दसऱ्यापतूर जावा. जमलं तर ऱ्हावा. पर शेरगावात ही गांगरली, चुकली, कुनाच्या तोंडाला लागली, तर दसऱ्याची वाट बघनार न्हाई मी. येऊन घिऊन जाईन. आक्या डबा लावंल."

सुभेदार म्हणाले होते, "व्हय, आई." अठ्ठावीस वर्षं वरच्या हुद्द्याचं ऐकलेला माणूस. आईचा हुद्दा तर सगळ्यांत वरचा.

म्हणून शालूबाईंना साताऱ्यात कुठेही चुकायचं नव्हतं. आल्यापासून तिसऱ्या दिवशी त्यांना आमच्या गल्लीतली सगळी दुकानं माहीत झाली. पंधरा दिवसांत गॅस नोंदवायला, एटीएममधून पैसे काढायला शिकल्या. पोवई नाका, राजवाडा, मोती चौक, गोडोली, सदर बझार, अशी ठिकाणांची नावं त्या भाकऱ्या थापताना पाढ्यासारखी म्हणायच्या, आणि मी शेजारच्या घरातून चुकलेलं दुरुस्त करायचे.

बाकी त्या दोघांचं काय चाललं होतं, ते काय सांगू! माझं लग्न होऊन सतरा वर्षं झाली, पण असा संसार मी पाहिला नव्हता. सुभेदार पहाटे उठून स्वतः चहा करायचे. शालूबाईंना जन्मात कुणी चहा करून दिला नव्हता. पहिले आठ दिवस त्या कप हातात धरून उभ्याच राहायच्या, कारण बसून चहा प्यायचा असतो हे त्यांना माहीत होतं, पण पाहुण्यांनी. अंथरुणाच्या चादरी सुभेदार पलटणीच्या पद्धतीने गादीखाली अशा करकचून खोचायचे की शालूबाईंना पाकिटात पत्र सारावं तसं वरून आत शिरावं लागायचं. "आन् एकदा शिरलं की बाह्यर यायला ह्यास्नीच हाक मारावी लागती," असं सांगून त्या इतक्या लाजल्या की मलाच विषय बदलावा लागला.

सुभेदारांनी फ्रिजवर एक तक्ता लावला होता. पाच वाजता चहा, स्वतः. साडेपाचला व्यायाम, स्वतः. सातला न्याहारी, मंडळी. बायकोला ते 'आमची मंडळी' म्हणत. दुपारी दोन ते तीन, मंडळी, आराम. पहिल्याच दिवशी दोन वाजून पाच मिनिटांनी शालूबाई माझ्या दारात.

"वैनी, ह्यो आराम करायचा कसा? मी भिताडाला टेकून बसले, तर झोप बी यीना आन् काम बी दिसंना. पाच मिंटं झाली, अजून पंचावन्न काढायची हायती."

मग आम्ही दोघी मिळून आराम करू लागलो. म्हणजे गप्पा मारू लागलो. सुभेदारांना संध्याकाळी अहवाल मिळायचा की आराम झाला.

रविवारी ते दोघं राजवाड्याच्या चौपाटीवर जायचे. मी एकदा मुलांना घेऊन गेले तर पाहते, सुभेदार एका गाड्यावर पाणीपुरी खातायत आणि शालूबाई चार गाडे सोडून दुसऱ्या गाड्यावर. दोघं एकमेकांकडे बघतायत. सुभेदार तिखट लागलं की भुवया उडवतात आणि इकडे ही खुदखुदते. जवळ जाऊन मी म्हटलं, "अहो, एका गाड्यावर उभं राहिलात तर काय होईल?"

"गावचं कुनी दिसलं तर?" शालूबाई म्हणाल्या. "कुंडलची निम्मी पोरं साताऱ्याला कालिजात हायती." मग माझ्या कानाशी येऊन, "पर वैनी, लांबून बघितलं की हे लय झ्याक दिसत्यात."

पंचेचाळिशी-पन्नाशीच्या घरातली ही माणसं. भिंतीपलीकडून हसण्याचे आवाज यायचे. माझी मुलगी प्रांजल दहावीला, ती म्हणायची, "आई, शेजारच्यांना सांग ना, परीक्षा आहे." मी सांगितलं नाही.

पण चालायचं मात्र तसंच. घरात दोघं एका ताटात जेवत, आणि फाटकाबाहेर पडलं की दहा पावलांचं अंतर आपोआप पडायचं. सुभेदार पुढे, झपझप, मागे न बघता. शालूबाई मागे, मान खाली, नजर नवऱ्याच्या जोड्यांवर. वर बघायची सवयच नाही. चोवीस वर्षं कुंडलच्या गल्लीतून त्या अशाच चालल्या होत्या आणि एकदाही चुकल्या नव्हत्या. गावात आकाराम एकच होता ना.

गणपती झाले. दसरा महिन्यावर आला. शालूबाईंची एकही चूक नोंदली गेली नव्हती. आणि मग तो शनिवार उजाडला.

त्या दिवशी दोघं मिलिटरी कॅन्टीनला गेले होते. कॅन्टीनच्या दिवशी साताऱ्यात काय दृश्य असतं, ते इथल्या माणसाला सांगायला नको. जिल्हाभरातले माजी सैनिक. सगळ्यांचे केस तसेच कापलेले, सगळ्यांच्या मिशा तशाच, सगळ्यांची पाठ पट्टी लावल्यासारखी, सगळ्यांच्या हातात त्याच कापडी पिशव्या. आणि पायात कॅन्टीनमधलेच तपकिरी कॅनव्हासचे जोडे.

सामान घेऊन बाहेर पडल्यावर सुभेदारांना त्यांच्या जुन्या पलटणीतले कुणी साहेब भेटले. ते सलाम ठोकून दोन मिनिटं बोलायला बाजूला झाले. शालूबाई दहा पावलांवर उभ्या होत्या, खाली बघत. तेवढ्यात तपकिरी जोडे निघाले. शालूबाईही निघाल्या.

इकडे साहेबांशी बोलून झाल्यावर सुभेदारही निघाले. मागे वळून बघायचा प्रश्नच नव्हता. उलट त्या दिवशी ते भलतेच खुशीत होते. साहेबांनी त्यांना मुलीच्या नोकरीविषयी काहीतरी चांगलं सांगितलं होतं, आणि ते सगळं सुभेदार वाटभर बायकोला सांगत आले. पोवई नाक्यापासून आमच्या गल्लीपर्यंत. "ऐकलंस न्हवं?" असंही मधे मधे विचारत आले. उत्तर आलं नाही याचं त्यांना नवल वाटलं नाही, कारण रस्त्यात शालूबाई बोलतच नसत. जिना चढले, कुलूप काढलं, पिशव्या ठेवल्या, खुर्चीत बसून म्हणाले, "चल, आता आद्रक घालून चा टाक."

मी त्या वेळी दारातल्या कुंडीला पाणी घालत होते. हे माझ्या कानांनी ऐकलं. मग आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सुभेदार दारात आले. त्यांनी जिन्यात वाकून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"वैनी," ते अगदी हळू म्हणाले, "आमची मंडळी वर आली का?"

"नाही हो. तुमच्याबरोबर नव्हत्या का?"

"मागं हुती."

"कुठपर्यंत होत्या?"

कारगिलच्या बाजूला तीन हिवाळे काढलेला तो माणूस कठड्याला धरून उभा राहिला. "ते," ते म्हणाले, "मी बघितलं न्हाई."

फोन लावला, तर तो त्यांच्याच पिशवीत, साबणांच्या खाली वाजला.

तिकडे तपकिरी जोडे दीड किलोमीटर चालून गोडोलीतल्या एका छोट्या बंगल्यापाशी आले. त्या जोड्यांतल्या माणसाचं नाव नाथाजी, निवृत्त हवालदार. आपल्या मागून बांगड्या वाजतायत हे त्यांना सगळी वाट ऐकू येत होतं. पण त्यांचंही लग्न जुनं. "तीस वर्सं मागं काकनं वाजत्यातच की," असं ते नंतर आम्हाला म्हणाले, "त्येला वळून काय बघायचं?" आपली बायको त्या दिवशी गुडघा दुखतो म्हणून घरीच राहिली आहे, हे त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

त्यांनी फाटक उघडलं, आत गेले, झोपाळ्यावर बसले आणि म्हणाले, "पानी आन गं."

स्वयंपाकघरातून हौसाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. आणि ओसरीच्या पायरीवर चपला काढून शालूबाईंनी पहिल्यांदा मान वर केली.

"आवं," हौसाबाई म्हणाल्या, "ही कोन आनलीसा?"

"कोन? कुटं?" म्हणून नाथाजी वळले आणि झोपाळ्यावरून घसरलेच.

शालूबाई घाईघाईने चपला पुन्हा पायात सरकवू लागल्या. हौसाबाईंनी त्यांना बसवलं, तोच तांब्या त्यांच्या हातात दिला आणि नवऱ्याला आत हाकललं. मग विचारलं, "बाई, तुमचं मालक कोन? नाव सांगा, म्हंजी धुंडाय बरं."

शालूबाईंनी पदर पुढे ओढला. नवऱ्याचं नाव उच्चारायचं? तेही परक्या ओसरीवर?

"नंबर तरी सांगा."

नंबर मात्र शालूबाईंनी घडाघडा सांगितला. आतून नाथाजींनी तो लिहून घेतला, आणि बघतात तर काय, तो मोबाईलचा नव्हता. पलटणीतला शिपाई नंबर. मोबाईल नव्हते तेव्हा पत्रावर घालायला पाठ केलेला. मोबाईलवर काय, 'हे' असं लिहिलेलं असतं, बोट लावलं की लागतो.

हौसाबाईंनी कपाळाला हात लावला. "आता नावाबिगार सुटका न्हाई. आसं करा, नुसतं घिऊ नगा. उखाण्यात घ्या."

उखाण्यात चालतं. उखाण्यात नाव घेणं म्हणजे नाव घेणं नव्हेच. शालूबाईंनी पदर सारखा केला, डोळे पुसले, घसा साफ केला, आणि हरवलेल्या बाईने म्हटला असा उखाणा या जिल्ह्यात कुणी ऐकला नसेल:

"कुंडलच्या रानात उसाला आला तुरा,
आकारामरावांचं नाव घेते, आता फोन करा!"

हौसाबाई हसल्या त्या थांबेनातच. विचारपूस झाली तर त्यांचंही माहेर आष्टा, दोन गल्ल्या पलीकडचं. मग काय! पोहे झाले, लाडू आला. नाथाजींनी माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप गटावर शालूबाईंचा लाडू खातानाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं: 'सुभेदार आकाराम यांच्या मिसेस सुरक्षित. संपर्क साधावा.'

सुभेदार तोवर मला घेऊन रिक्षाने कॅन्टीनच्या वाटेवर प्रत्येक दुकानदाराला विचारत निघाले होते. "ठेंगणी, पदर डोक्यावर," एवढंच वर्णन ते सांगू शकत होते. साडीचा रंग त्यांना ठाऊक नव्हता. तोंड इतकं उतरलेलं की रिक्षावाल्याने मीटर टाकलं नव्हतं. शेवटी त्यांच्या फोनवर एकदम अकरा मेसेज आले. त्यांनी फोटो पाहिला, रिक्षातच डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "लाडू खातीया!" त्या दोन शब्दांत काय काय होतं, ते मला लिहिता यायचं नाही.

आम्ही गोडोलीला पोचलो तेव्हा हौसाबाई माहेरवाशीण म्हणून शालूबाईंची खणानारळाने ओटी भरत होत्या. सुभेदार आणि नाथाजी एकमेकांसमोर उभे राहिले. तेच केस, त्याच मिशा, तेच जोडे. मी खरं सांगते, मीही क्षणभर गोंधळले.

परत येताना रिक्षात सगळे हसत होतो. फक्त शालूबाईंचं हसू घराजवळ येता येता विझलं. "वैनी, त्यो फोटू किती जनास्नी गेला आसंल?"

उत्तर जिन्यातच मिळालं. शिवांजलीचा कराडहून फोन: "आई, तू आमच्या होस्टेलच्या ग्रुपवर आली आहेस!" आणि पाठोपाठ कुंडलहून धाकट्या दिराचा, आप्पासोंचा. फोटो गावात पोचून तासही झाला होता. आईने लुगडं बदललं आहे आणि सकाळच्या गाडीची चौकशी करते आहे, असं ते म्हणाले.

रविवारी अकराच्या सुमाराला धोंडुबाई आल्या. पंच्याहत्तरी झाल्यापासून एस.टी. फुकट असल्यामुळे त्यांना आता कुणावर अवलंबून राहावं लागत नाही. कुंडलहून कराड आणि कराडहून सातारा, एकट्या आल्या. शालूबाईंनी मला आधीच बोलावून ठेवलं होतं. "तुमी नुसतं बसा, वैनी. परकं मानूस आसलं की आत्याबाई मोठ्यानं बोलत न्हाईत." हे खोटं निघालं.

"हरवली ती हरवली," चपला काढायच्या आधीच धोंडुबाई म्हणाल्या, "आन् वर वटी भरून आली! शालू, पिशवी भर. दुपारची गाडी हाय."

सुभेदार भिंतीशी सावधान उभे. "व्हय, आई," एवढंच.

"आधी सांग, हरवलीस कशी?"

"ह्यांच्या मागनं चालत हुते, आत्याबाई."

"मागनं तर मी बी जल्मभर चालली. तुज्या मामंजींच्या मागनं. कवा हरवली न्हाई."

"कुंडलात मामंजी एकच हुतं," शालूबाई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. "हितं सगळी ह्यांच्यावानीच दिसत्यात."

धोंडुबाईंनी मुलाकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, जणू असा दुसरा असू शकतो हे त्यांना पटत नव्हतं. मग काठी उचलली. "चला खाली. कसं चालत हुता, मला दावा."

आणि आमच्या इमारतीच्या अंगणात रविवारी दुपारी संचलन झालं. धोंडुबाई वॉचमनच्या खुर्चीवर. सगळ्या गॅलऱ्यांत माणसं. सुभेदार निघाले, मागे दहा पावलांवर शालूबाई. ते फाटकाशी पोचले. तेवढ्यात धोंडुबाईंनी शालूबाईंचा पदर धरून त्यांना थांबवलं आणि तोंडावर बोट ठेवलं. सुभेदार फाटकातून बाहेर पडले. रस्त्याने गेले. हात हलवत काहीतरी बोलतही होते. कोपऱ्यावर वळले. दिसेनासे झाले.

आम्ही थांबलो. एक मिनिट. दोन मिनिटं.

"येडं अजून चाललंयच," धोंडुबाई म्हणाल्या आणि त्यांचे खांदे हलू लागले. तोंडात पदर कोंबून त्या हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. गॅलऱ्याही हसल्या. सात मिनिटांनी सुभेदार पळत परत आले, चेहरा पांढराफटक. "आई! पुन्यांदा गेली!" आणि समोर शालूबाईंना पाहून कठड्यावर बसलेच.

मला वाटलं, सुटलं एकदाचं. पण धोंडुबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "हासले म्हंजी सोडलं आसं न्हवं. बोली ती बोली. पिशवी भर, शालू."

शालूबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांचे दोन्ही हात पदराच्या टोकाशी चाळा करत होते. मग तो चाळाही थांबला.

"मी न्हाई येनार, आत्याबाई."

सुभेदारांनी मान वर केली. चोवीस वर्षांत या बाईने मला हे हवं, ते नको, असं सासूला सांगितलं नव्हतं, आणि सांगून झाल्यावर तिला स्वतःलाच इतकं आश्चर्य वाटलं की ती पुढे बोलतच सुटली.

"ऊस तोडायच्या टायमाला मी येते. पंधरा दीस येते, म्हैनाभर येते, रंगूवर समदं टाकनार न्हाई. पर मंग माघारी हितं. मला हितं ऱ्हायाचंय. चुकंन मी. अजून चार वेळा चुकंन. पर मला ह्यांच्यासंगं ऱ्हायाचंय, आत्याबाई. मला लय मज्जा येती!"

शेवटचं वाक्य इतकं मोठ्याने निघालं की तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

सुभेदार उठले. चार पावलं चालून बायकोच्या शेजारी येऊन उभे राहिले. मागे नाही, पुढे नाही. "आई," ते म्हणाले, "मला बी." मग वाक्य फारच छोटं झालं असं वाटून म्हणाले, "मज्जा येती."

धोंडुबाई काठीने अंगणातली फरशी टोकरू लागल्या. "मला कुनी इचारलं न्हवतं, तुला काय पायजे म्हून," त्या म्हणाल्या. "आन् मी बी कवा सांगितलं न्हाई. सांगायचं आस्तंय, हेच ठावं न्हवतं." मग माझ्याकडे वळून एकदम, "आवं बाई, हितं चा मिळतोय का नुसतं चालूनच दावत्यात?"

त्या चार दिवस राहिल्या. पहाटेचा चहा मुलाच्या हातून घेतला आणि दूध कमी आहे म्हणाल्या. चौपाटीवर पाणीपुरी खाल्ली आणि दोघांनी वेगवेगळ्या गाड्यांवर उभं राहण्याबद्दल दोघांनाही शिव्या दिल्या. दुपारी दोन ते तीन आमच्याबरोबर आराम केला आणि म्हणाल्या, यापेक्षा रानात तण काढायची भांगलण बरी.

गुरुवारी आम्ही त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. कराडची गाडी लागली होती. धोंडुबाई खिडकीशी बसल्या, पिशवी मांडीवर घेतली, आणि खिडकीतून हुकूम सुटला: "आक्या, हात धर तिचा."

"हितं? श्टँडवर?"

"मंग काय कुंडलात धरनार हैस?"

सुभेदारांनी शालूबाईंचं मनगट धरलं.

"चोर धरलाईस व्हय रं? नीट धर."

त्यांनी नीट धरला. शालूबाईंचा चेहरा कानापर्यंत लाल. आजूबाजूची माणसं बघत होती, कंडक्टर बघत होता, आणि सुभेदार समोर नजर लावून ताठ उभे होते, झेंडावंदनाला उभं राहावं तसे.

गाडी सुटली. वळणावरून दिसेनाशी झाली. मी दोन पावलं चालून मागे पाहिलं, तर ती दोघं तिथेच, हात तसाच.

"चला की, सुभेदार. गेल्या आई."

"गेली," ते म्हणाले, "पर हात सोड म्हनली न्हाई."

आणि शालूबाई इतक्या हसू लागल्या, इतक्या, की त्यांना चालताच येईना. मग काय, सुभेदारांनाही थांबावंच लागलं.